शोक, रंग आणि पुरावा

केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. वय अवघं अठरा. भरतीसाठी त्याला वडिलांची संमती लागत होती, वडील तयार नव्हते, आणि आईनेच मध्ये पडून ती मिळवून दिली होती. मुलगा गेल्यावर थोड्याच दिवसांत तिने त्याच्या स्मारकाची आखणी सुरू केली. मधोमध पेटर आणि त्याच्याजवळ आईवडील, अशी पहिली कल्पना. १९१९ मध्ये तिने ते काम बाजूला ठेवलं, काही वर्षांनी पुन्हा हातात घेतलं. शेवटी १९३२ मध्ये बेल्जियममधल्या जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत ग्रॅनाइटच्या दोन मूर्ती बसल्या. वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले आईवडील, एकमेकांकडे न बघणारे. मुलगा त्या शिल्पात नाहीच. या कामाला अठरा वर्षं लागली. मुलगा जितका जगला तितकीच.

शिल्प झालं आणि शोक मिटला, असं काही झालं नाही. दहा वर्षांनी, १९४२ मध्ये, काकाचंच नाव मिळालेला तिचा नातू पेटर रशियाच्या आघाडीवर मारला गेला, तेव्हा ती पंचाहत्तरीची होती. म्हणून ‘कलेने दुःख बरं होतं’ हे हल्ली सर्रास कानावर पडणारं वाक्य तपासायचं तर मला कोलवित्झपासून सुरुवात करावीशी वाटते. अठरा वर्षांत दगडातून तिने काहीतरी मिळवलं हे नक्की. पण त्याला ‘बरं होणं’ म्हणायचं का? शोकग्रस्तांसाठी चित्र, संगीत, नृत्य, नाट्य, लेखन वापरणाऱ्या उपचारशाखेचा सगळा वाद या प्रश्नाभोवती फिरतो.

ही शाखा मुळात शोकासाठी जन्माला आली नाही. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगाने आजारी पडून सॅनेटोरियममध्ये होता. पडल्यापडल्या चित्रं काढताना त्याला जाणवलं की आजारपणाचा कंटाळा, एकटेपणा आणि भीती यांवर त्याचा उपयोग होतो आहे. मग त्याने शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनाही कागद-पेन्सिल दिली. ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग त्याने १९४२ मध्ये रूढ केला. योगायोग असा की त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात मारियन चेस ही नर्तकी रुग्णांबरोबर काम करू लागली आणि नृत्योपचाराची सुरुवात झाली. पुढच्या काही दशकांत संघटना आल्या (ब्रिटनमध्ये १९६४, अमेरिकेत १९६९), विद्यापीठांतले अभ्यासक्रम आले, परवाने आले.

पण माझ्या मते या शाखेचा खरा पाया त्याच १९४२ च्या डिसेंबरात, एका वेगळ्याच ठिकाणी घातला गेला. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेली फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही ज्यू चित्रकर्ती तेव्हा चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिन या नाझी छावणीत पाठवली गेली. बरोबर नेता येणाऱ्या मोजक्या सामानात तिने चित्रकलेचं साहित्य भरलं होतं. छावणीत आईवडिलांपासून तुटलेली शेकडो मुलं होती. त्यांना ती चोरूनमारून चित्रकला शिकवत राहिली. कचेरीतले वापरलेले फॉर्म, गुंडाळायचे कागद, जे मिळेल त्याच्यावर. ‘तुमचं दुःख काढा’ असं ती मुलांना सांगत नसे. ती लय शिकवायची, रेषा शिकवायची, जुन्या चित्रकारांच्या रचना समजावून द्यायची, कोलाज करून घ्यायची. आणि प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घालावं, असा तिचा आग्रह असे. जिथे माणसाला क्रमांकाने ओळखलं जात होतं तिथे हा आग्रह साधा नव्हता. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशवित्झला तिची हत्या झाली. जाण्यापूर्वी दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवलेली जवळपास साडेचार हजार चित्रं युद्धानंतर सापडली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. फ्रीडलची एक विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ मध्येच अमेरिकेला गेली होती. तिथे ती मुलांच्या कलोपचाराच्या संस्थापकांपैकी एक ठरली, आणि आपण हे काम कुणाकडून शिकलो हे तिने कायम सांगितलं.

चित्राचा अर्थ लावण्यापेक्षा चित्र चांगलं जमावं यासाठी मदत करणं, ही फ्रीडलची शिस्त आजच्या कित्येक कार्यशाळांत हरवलेली दिसते. मुलाने काळा रंग घेतला की लगेच ‘नैराश्य’, लाल घेतला की ‘राग’ अशी नोंद करणारे हौशी लोक आपल्याकडेही कमी नाहीत. मुलाने काळा घेतला कारण डब्यात तोच टोकदार उरला होता, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवत नाही.

शोकात कलेचं काम काय, हे शेवटी शोकाचं काम काय यावर ठरतं; आणि त्याबद्दलचं मत शंभर वर्षांत पार उलटलं आहे. फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात मांडलं की शोक करणाऱ्याने गेलेल्या माणसातली गुंतवणूक हळूहळू काढून घ्यायची असते, म्हणजे ती दुसरीकडे लावायला मन मोकळं होतं. तीन वर्षांनी त्याची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. १९२९ मध्ये, ती असती तर छत्तिसाव्या वाढदिवसाच्या दिवशी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला फ्रॉइडने पत्र लिहिलं. त्यात त्याने आपलाच सिद्धान्त जवळजवळ मागे घेतला, कारण त्या जागी दुसरं काही येत नाही, आणि येऊही नये, असं त्याला आता वाटत होतं. एलिझाबेथ क्युबलर-रॉसचे १९६९ चे पाच टप्पे पुढे इतके लोकप्रिय झाले की आज व्हॉट्सॲपवरही फिरतात. ते तिने मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडले होते, मागे राहिलेल्यांशी नव्हे, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. टप्प्यांच्या क्रमाला पुढच्या संशोधनाने फारसा आधार दिला नाही.

आजच्या कामाला उपयोगी पडणाऱ्या कल्पना दोन. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निरोगी शोकातही गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. (जपानी लोकांची पूर्वजपूजा क्लासच्या अभ्यासात होती. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या माणसाला या शोधाचं फार नवल वाटणार नाही.) दुसरी कल्पना १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मांडली. शोकात माणूस दोन टोकांत ये-जा करतो: कधी नुकसानीकडे तोंड करून, कधी पाठ फिरवून रोजच्या कामात. दोन्ही लागतं, आणि ये-जा थांबली की माणूस अडकतो. कलेची जागा नेमकी इथे आहे. मातीचा गोळा मळणारा माणूस एकाच वेळी आठवणीत असतो आणि हातातल्या कामातही. बोलताना हे दोन्ही क्वचितच एकत्र साधतं.

उपचाराच्या खोलीत प्रत्यक्षात काय होतं? बाहेरून पाहिलं तर फारसं काही नाही. कुणी गेलेल्या माणसाच्या शर्टाची उशी शिवतं. कुणी आयुष्याची नदी काढतं: कुठे वळण, कुठे धरण, कुठे कोरडं पात्र. कुणी अर्धवट राहिलेलं भांडण पत्रात पूर्ण करतं. नाट्योपचारात रिकाम्या खुर्चीवर गेलेल्या माणसाला ‘बसवून’ त्याच्याशी बोललं जातं आणि मग त्या खुर्चीवर स्वतः बसून उत्तर दिलं जातं. ही पद्धत याकोब मोरेनोच्या सायकोड्रामातून आली. नृत्योपचारात कधी कधी एवढंच होतं की थेरपिस्ट समोरच्याच्या बसण्याची, श्वासाची ढब आपल्या अंगात घेते आणि त्याला कित्येक दिवसांनी पहिल्यांदा वाटतं की कुणीतरी आपल्याला पाहिलं. संगीतात अमेरिकेतल्या ब्रायन श्रेक या थेरपिस्टचं काम मला सर्वांत धाडसी वाटतं. तो मरणासन्न मुलाच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करतो आणि त्या ठोक्यांच्या तालावर त्या घराचं आवडतं गाणं बांधून पालकांना देतो. पालक ते कधी ऐकतील, ऐकतील की नाही, हे त्यांच्यावर.

या सगळ्यात थेरपिस्टचं कौशल्य साहित्य निवडण्यात असतं, आणि ते दिसत नाही. जलरंग पसरतात, हाताबाहेर जातात. आतून आधीच वाहून जात असलेल्या माणसाला ते घाबरवू शकतात. त्याला पेन्सिल, कात्री, चौकट असलेला कागद बरा. उलट, गोठून गेलेल्या माणसाला माती किंवा बोटांनी फासायचे रंग मोकळं करतात. कुणाला कधी थांबवायचं, हेही शिकावं लागतं. वीस मिनिटांत एखाद्याचं सगळं बाहेर काढून त्याला तसंच रिक्षात बसवून देणं हा उपचार नव्हे.

मुलांच्या बाबतीत या पद्धतींची गरज अधिक उघड आहे, कारण मूल बसून शोक करत नाही. ते रडतं आणि पाच मिनिटांनी क्रिकेट खेळायला जातं, आणि घरातले मोठे म्हणतात, ‘त्याला अजून कळत नाही.’ त्याला बरंच कळत असतं. अमेरिकेत पोर्टलंडला १९८२ मध्ये सुरू झालेल्या डगी सेंटरमध्ये आईबाप किंवा भावंड गमावलेली मुलं गटाने येतात. तिथे वाळू आहे, रंग आहेत, बाहुल्यांचं घर आहे, आणि ‘ज्वालामुखी’ नावाची गाद्या लावलेली एक खोली आहे, जिथे आपटता, फेकता, ओरडता येतं. दक्षिण आफ्रिकेतलं काम याहून मोलाचं. एड्सने तिथल्या घरांतली मधली पिढी नेली तेव्हा क्वाझुलू-नाताल विद्यापीठाच्या सिनोमलांडो केंद्राने ‘स्मृतिपेटी’ची पद्धत बसवली. आई किंवा बाप जिवंत असतानाच, मुलांसमोर, घराण्याची गोष्ट सांगतात. ती लिहून घेतली जाते, आणि फोटो, एखादा कपडा, चित्रं यांसह पेटीत ठेवली जाते. ज्या घरांत आजाराचं नावही घेतलं जात नव्हतं तिथे पेटीच्या निमित्ताने ते पहिल्यांदा घेतलं गेलं. इथे कला म्हणावी अशी फारशी नाहीच. आहे ती बोलायला मिळालेली सवलत.

एड्सनेच अमेरिकेत शोकाचं सर्वांत मोठं सामूहिक हस्तकाम घडवलं. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० कापडी तुकड्यांची गोधडी पसरली गेली. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एका थडग्याएवढा, आणि एका मृताच्या नावाचा. आज तुकड्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात आहे. त्या काळी कित्येकांच्या समलिंगी जोडीदारांना अंत्यविधीत उभं राहायचीही मुभा नव्हती. केनेथ डोका याने १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज शोक मानतच नाही. पोटातच गेलेलं बाळ, लग्नाबाहेरचं प्रेम, आत्महत्या, घरातला कुत्रा, बुडीत क्षेत्रात गेलेलं गाव, ही यादी आपल्यालाही ओळखीची आहे. अशा शोकाला विधी नसतो, म्हणून हाताने केलेली वस्तू तिथे विधीची जागा घेते.

आता पुराव्याकडे. इथे उत्साहाला जरा आवर घालावा लागतो.

पहिली गोष्ट, बहुतेक शोकग्रस्तांना कुठल्याच थेरपीची गरज नसते. २०१७ च्या एका व्यापक विश्लेषणानुसार साधारण दहातल्या एका प्रौढाचा शोक दीर्घकाळ तीव्र राहतो आणि रोजचं जगणं अडवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात याला आता रीतसर विकाराचं नाव आहे, त्यासाठीची मुदत सहा महिने. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रौढांसाठी बारा महिने ठरवली. (बारा महिने, म्हणजे वर्षश्राद्धापर्यंत.) करियर, निमायर आणि बर्मन यांनी २००८ मध्ये ६१ नियंत्रित अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की सरसकट सगळ्यांना दिलेल्या शोकोपचाराचा परिणाम जेमतेम असतो; ज्यांना खरोखर जड जात असतं त्यांनाच उपयोग होतो. म्हणून प्रत्येक मृत्यूनंतर घरच्यांना कार्यशाळेत पाठवायची टूम काढू नये.

दुसरी गोष्ट लेखनाची. जेम्स पेनबेकरने १९८६ मध्ये प्रयोग केला: चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सर्वांत वेदनादायी अनुभवाबद्दल मनमोकळं लिहा. पुढच्या काही महिन्यांत तसं लिहिणारे विद्यार्थी दवाखान्यात कमी गेले. या निष्कर्षावर पुस्तकांचा आणि शिबिरांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. पण २००२ मध्ये स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत जोडीदार गमावलेल्यांवर वापरून पाहिली, तेव्हा लिहिणाऱ्यांत आणि न लिहिणाऱ्यांत फरक दिसला नाही. मनातलं बाहेर काढलं की मोकळं वाटतं, ही समजूत शोकाच्या बाबतीत तरी इतकी सरळ नाही.

तिसरी, प्रयोगशाळेतली. चित्रकलेने ताणाचं संप्रेरक घटतं, अशी बातमी अधूनमधून छापून येते. तिच्या मुळाशी २०१६ चा ड्रेक्सेल विद्यापीठातला अभ्यास असतो. ३९ निरोगी प्रौढांनी ४५ मिनिटं चित्र-शिल्पाचं काम केलं आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल उतरलं. छान आहे. पण त्यांत शोकग्रस्त म्हणून कुणी निवडलेलं नव्हतं, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. पाऊण तास शांत बसून शेंगा सोलल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही.

शोकग्रस्तांबरोबरच्या दृश्यकलेच्या कामाचा पद्धतशीर आढावा वाइसकिटल आणि ग्रॅमलिंग यांनी २०१८ मध्ये घेतला. २७ अभ्यास सापडले. बहुतेक लहान, तुलनागटाशिवायचे. दुःखाची तीव्रता किंवा नैराश्य घटतं का, याचं उत्तर संमिश्र आलं. मात्र दोन बाबतींत निष्कर्ष एका दिशेने होते: गेलेल्या माणसाशी नातं नव्या रूपात टिकवणं, आणि घडलेल्या गोष्टीला काही अर्थ लावता येणं. मुलांच्या बाबतीत रसेल हिलियर्डचा २००७ चा अभ्यास आहे. वाद्यं आणि तालाच्या ऑर्फ पद्धतीवर चालवलेल्या संगीतगटातल्या मुलांची वागणूक सुधारली आणि शोकाची लक्षणंही उतरली, तर सामाजिक कार्यकर्त्यांनी चालवलेल्या गटात वागणूकच सुधारली. याच्यासमोर कॅथरीन शियर यांची, मुख्यतः बोलण्यावर आधारलेली शोकोपचार पद्धती ठेवू. २००५ च्या चाचणीत तिला ५१ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, प्रचलित मानसोपचाराला २८ टक्के. कलोपचारांकडे इतकं भक्कम काही अजून नाही. पण शियर यांच्या पद्धतीतलं एक महत्त्वाचं पाऊल म्हणजे गेलेल्या माणसाशी कल्पनेत संवाद करायचा आणि त्याच्या बाजूनेही स्वतःच बोलायचं. मोरेनोची रिकामी खुर्चीच ती, नाव वेगळं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा छापला, त्याचा हवाला सगळे देतात. तो आढावा व्याप्ती दाखवतो. प्रत्येक दाव्याचं वजन करत नाही. माझं मत असं झालं आहे की कलोपचाराने शोक ‘कमी होतो’ हा दावा सोडून द्यावा. तो सिद्ध होत नाही, आणि तो सिद्ध करण्याच्या नादात जे खरोखर घडतं ते मोजायचं राहून जातं. दुःख तेवढंच राहूनही त्या माणसाचं नाव घरात पुन्हा घेतलं जाऊ लागणं, हा परिणाम प्रश्नावलीत बसत नाही, पण तो लहान नाही.

मराठी मुलखात हे काम करण्याच्या जागा पूर्वी ठरलेल्या होत्या. गावाकडे मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात. प्रत्येक नव्या पाहुणीच्या गळ्यात पडून, मेलेल्याला उद्देशून, त्याचे गुण, त्याच्या खोड्या, शेवटचं बोलणं, राहिलेलं देणंघेणं असं सगळं त्या हेलात येतं. शहरातल्या सुशिक्षित घरांनी हा प्रकार ‘तमाशा’ म्हणून बंद पाडला आणि त्या जागी ‘धीर धरा’ एवढंच ठेवलं. जात्यावर बसून पहाटे दळणारी बाई मेलेल्या आईशी ओवीतून बोलत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत अशा ओव्यांचा मोठा साठा आहे. गिरण्या आल्या, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्या कष्टाबरोबर एकट्याने गायची ती वेळही गेली. आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीवरचे नामदेवांचे अभंग? १२९६ मधल्या त्या प्रसंगात निवृत्तीनाथांची, सोपान-मुक्ताईची अवस्था नामदेव इतक्या जवळून सांगतात की आजही कीर्तनात समाधीचा प्रसंग आला की श्रोते डोळे पुसतात. त्यांतले अर्धे ज्ञानेश्वरांसाठी रडत असतात, अर्धे आपल्या घरच्या कुणासाठी. दशक्रियेला प्रवचन-कीर्तन ठेवायची रीत अजून आहे, फक्त बुवा चांगले मिळाले पाहिजेत.

या जागांना उपचार म्हणण्याची घाई मी करणार नाही. त्यांत नियमही होते, आणि नियम सगळ्यांना सारखे नव्हते. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं हाही विधीच होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये त्याविरुद्ध ठराव केला, मग राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कलोपचार करणाऱ्याला हे माहीत हवं. परदेशी पुस्तकातून आलेला ‘हवा तो रंग निवडा’ हा साधा प्रस्ताव, कालपरवा हिरव्या बांगड्या उतरवलेल्या बाईसमोर साधा राहत नाही. तिने लाल उचलला तर शेजारची बघते आहे. संगीताचंही तसंच: सुतकात आणि त्यानंतरही काही घरांत गाणं लावत नाहीत, भजन चालतं. सुरुवात भजनापासून का करू नये, याचा विचार इथल्या थेरपिस्टला स्वतः करावा लागतो, पुस्तकात तो नाही.

विदर्भातलं एक उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं, जरी ते थेरपी म्हणून झालेलं नाही. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींनी स्वतः उभं राहून केलं. रंगमंचाची सवय नसलेल्या या बायका आपलीच गोष्ट गावोगावी सांगत फिरल्या. त्यांच्यापैकी वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. ज्या बाईला मंगलकार्यात मागे उभं केलं जातं ती संमेलनाच्या व्यासपीठावर मध्यभागी होती, हा बदल कुठल्याही उपचाराच्या खोलीत झाला नसता. पण प्रश्नही इथेच सुरू होतात. नवऱ्याच्या मृत्यूचा प्रसंग पन्नासाव्यांदा उभा करणाऱ्या बाईच्या मनाचं त्या रात्री काय होतं? प्रेक्षक हेलावून घरी जातो. ती कुणाशी बोलते? कलोपचारात खोली बंद असते, बाहेर काय जाईल हे शोकग्रस्त ठरवतो. रंगभूमीवर तो हक्क सैल होतो. काहींसाठी सर्वांसमोर बोलणं हेच औषध असतं, काहींसाठी ती जखम रोज उघडणं असतं, आणि कोण कुठल्या बाजूला हे प्रयोगाआधी ओळखणारं माणूस चमूत असायला हवं.

कोविडने हा विषय आपल्या मध्यमवर्गाच्याही दारात आणून ठेवला. २०२०-२१ मध्ये कित्येकांना माणूस शेवटचा दिसला तो रुग्णवाहिकेचं दार बंद होताना. तोंड पाहणं नाही, खांदा देणं नाही, दहाव्याला चार माणसं नाहीत. विधी झालाच नाही, म्हणून शोकाला सुरुवातच सापडली नाही, असं सांगणारे लोक आजही समुपदेशकांकडे येतात. नंतर उशिरा केलेली एखादी कृती, फोटोंची वही, झाड, घरच्या घरी वाचलेलं पत्र, इथे कामाला येते.

सोय मात्र तुटपुंजी आहे. वांद्र्यात १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन (गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे) आणि पुण्यात वारज्याला १९९७ पासून चालणारं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र अशा मोजक्या ठिकाणी मृत्यूकडे निघालेल्या माणसाबरोबर त्याच्या घरच्यांचाही विचार होतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेबरोबर नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला. बाकी बहुतेक मामला खासगी, शहरी आणि इंग्रजीतला. मराठीत शोक करणाऱ्याला तिथे आधी भाषेचा दरवाजा ओलांडावा लागतो. आणि आईला ‘मदर’ म्हणत कुणी रडत नाही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांची जी यादी केली, तिच्यात कला आणि नृत्य थेरपिस्टना ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’ या एकाच शीर्षकाखाली बसवलं आहे. संगीत आणि नाट्य यांचा त्या ओळीत वेगळा उल्लेखही नाही. खाली बसून कागदावर चित्र काढणारा माणूस ‘मूव्हमेंट’मध्ये कसा मोडतो हे यादी करणाऱ्यांनाच ठाऊक, पण निदान नाव तरी आलं. ही व्यवस्था प्रत्यक्षात बसेपर्यंत दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणारा आणि दोन वर्षं देखरेखीखाली शिकलेला, दोघांची पाटी सारखीच दिसणार. तोवर कुणाकडे जाण्याआधी विचारून घ्यावं: शिकलात कुठे, आणि तुमच्या कामावर देखरेख कुणाची? आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारं माणूस आलं तर कुठल्या डॉक्टरांकडे पाठवता? आणि आमच्या माणसाने इथे काढलेली चित्रं कुणाच्या कपाटात राहणार, ती आमच्या परवानगीशिवाय तुमच्या इन्स्टाग्रामवर दिसणार की नाही?